शितावरून भाताची परीक्षा आणि बीपीचा आकडा

पाहणीला आलेली बाई खळ्यात उभी राहते, वही किंवा यंत्र उघडते आणि विचारते, "या घरात नेहमी राहणारी माणसे कोण कोण? आणि काल रात्री इथे झोपायला कोण होते?" मालवणकडच्या घरात या प्रश्नाने भुवया वर जातात. एखादी म्हातारी सरळ विचारते, "तुमका कित्याक होया ता?" रेशनकार्ड तपासायला आली की काय, मुंबईच्या मुलाचे नाव कमी करणार की काय, अशी शंका मनात येते. मग उत्तर अर्धवट दिले जाते किंवा "घरात कोण नाय" म्हणून दार लोटून घेतले जाते.

त्या प्रश्नामागे रेशनकार्ड नाही. बीपी, म्हणजे उच्च रक्तदाब, आपल्या राज्यात आणि जिल्ह्यात किती लोकांना आहे याचा अंदाज काढण्याचे काम तिथून सुरू होते. आपल्या वस्त्यांतून या पाहण्यांविषयी फार कमी बोलले जाते. म्हणून आज ही पाहणी कशी होते, तिचा आकडा कसा वाचायचा आणि तो आपल्या काय कामाचा, हे थोडे विस्ताराने पाहू.

दवाखान्यातील नोंदवही पुरेशी का नाही?

कुणीही विचारील, घरोघरी कशाला हिंडायचे? प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या रुग्णांची नोंद असतेच, तीच मोजा. पण बाजारात आलेल्या टोपल्या मोजून समुद्रात मासळी किती हे सांगता येईल काय? दवाखान्यात तीच माणसे येतात ज्यांना काही दुखते, ज्यांच्याकडे यायला वेळ आहे, ज्यांचा त्या दिवसाचा रोज बुडला तरी चालतो. रापणीवर जाणारा, चिरेखाणीवर राबणारा, दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत मजुरी करणारा माणूस ताप आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि बीपीला ताप नसतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. "माका काय एक झालेला नाय, मग गोळी कित्याक?" हे वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक आशाताईने ऐकलेले असेल.

मग एके दिवशी सकाळी तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते. गाडी शोधायची, मालवणहून ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्यायचे आणि अवघड असेल तर शंभर किलोमीटरच्या वर गोव्यात बांबोळीला. सिंधुदुर्गातील किती घरांनी हा प्रवास केला आहे! कमावता माणूस अंथरुणाला खिळला की एक माणूस त्याच्या उशाशी अडकतो, म्हणजे दोन रोज बुडतात. मुलीची शाळा बहुधा इथेच सुटते.

हे सारे टाळता येण्यासारखे आहे. दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत कळणारी आणि स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात राहणारी ही व्याधी आहे. अडचण एवढीच की, कुणाला आहे हे ठाऊक नाही. आणि किती जणांना ठाऊक नाही, हे नोंदवही कधीच सांगू शकत नाही, कारण ती माणसे नोंदवहीत नसतातच. म्हणून घरी जावे लागते.

बावीस घरे

आपल्या देशातील सर्वांत मोठी अशी पाहणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. पहिली फेरी १९९२-९३ साली झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने हे काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. सुरुवातीच्या फेऱ्यांत भर होता तो बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन यांवर. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत रक्तदाब मोजायला सुरुवात झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांत मिळून ६ लाख ३६ हजार ६९९ घरांत माहिती घेतली गेली. आकडा मोठा दिसतो; पण भागाकार केला तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरे येतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजार ६५१ होती. नऊशे घरांवरून साडेआठ लाख माणसांविषयी बोलायचे?

आपल्या बायका रोज हेच करतात. शितावरून भाताची परीक्षा. टोपातला प्रत्येक दाणा कुणी चेपून पाहत नाही. मात्र हुशार बाई आधी भात खालून वर हलवून घेते, कारण वरचे शीत कच्चे आणि तळाचे करपलेले असू शकते. पाहणीतही हे 'हलवून घेणे' सगळ्यात महत्त्वाचे आहे. आधी जनगणनेच्या यादीतून गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात; मोठ्या गावाला निवडले जाण्याची संधी जास्त. मग त्या गावातील सर्व घरांची नव्याने यादी होते आणि त्या यादीतून ठराविक अंतराने २२ घरे घेतली जातात. सरपंचाने दाखवलेली घरे नाहीत, रस्त्याकडेची नाहीत, चहा देणारी नाहीत. यादीत बौद्धवाडीतले, मांगराशेजारचे, टेकडीवरचे शेवटचे घर लागले तर तिथेच जावे लागते.

आणि ते घर बंद असले तर? शेजारचे घर घेता येत नाही. पुन्हा जायचे, पुन्हा जायचे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. शेजारचे उघडे घर घ्यायची मुभा दिली तर दिवसा घरात असणारी माणसेच मोजली जातील. पहाटे होडीवर गेलेला आणि दुपारी झोपलेला मच्छीमार, कामावर गेलेली बाई गळून पडतील. दार लोटून घेणाऱ्या घराची जागाही कुणी भरून काढत नाही. गरिबांच्या वस्तीतील दारे जास्त लोटली गेली, तर आकड्यात गरीब कमी दिसतात आणि औषधांची मागणीही त्याच हिशेबाने होते.

फॉर्ममध्ये कुटुंबप्रमुखाचा धर्म विचारतात आणि जात-जमात वेगळी विचारतात. अहवालाच्या तक्त्यांत 'बौद्ध/नवबौद्ध' अशी स्वतंत्र ओळ असते. धर्म बौद्ध सांगितला म्हणून अनुसूचित जातीचा रकाना कोरा राहत नाही. १९९० च्या कायदादुरुस्तीने तो प्रश्न मिटला आहे. दोन्ही प्रश्नांना खरे उत्तर द्यावे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जिल्ह्यातील नऊशे घरांत आपली घरे थोडी येणार, त्यावरून 'सिंधुदुर्गातील बौद्धांचे बीपी' असा आकडा काढला तर तो भरवशाचा नसेल. ती ओळ राज्याच्या, देशाच्या तक्त्यात वाचायची.

पट्टा बांधताना

मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. आधी दंडाचा घेर मोजतात, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगीच जास्त येतो. माणूस शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात छातीच्या उंचीवर. बोलायचे नाही. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू किंवा मशेरी झाली का हे विचारतात. घरात खुर्ची नसेल तर मोजणाऱ्याची पंचाईत होते, कारण पाटावर मांडी घालून आकडा नीट मिळत नाही. मग ओटीच्या कट्ट्यावर बसवावे.

मोजणी तीन वेळा, मध्ये पाच मिनिटे थांबून. पहिला आकडा बहुधा चढा येतो, परकी बाई, यंत्राची घरघर, सगळी वाडी दारात जमलेली! म्हणून अशा पाहण्यांत पुढच्या आकड्यांवर भर असतो. यंत्र स्वतः आकडा दाखवते याचाही फायदा आहे. हाताने मोजणारा माणूस नकळत १३०, १४०, ८०, ९० असे शून्याचे आकडे लिहितो आणि नेमके १४० ला ९० या सीमेवरच सगळा निकाल ठरतो. वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक, अथवा बीपीची गोळी चालू, यांतले काहीही असले तरी ते माणूस 'उच्च रक्तदाब' या रकान्यात जाते. गोळीने १२० वर आलेलेही त्यातच धरतात, हे लक्षात ठेवावे.

मात्र एका दिवसाच्या मोजणीवर कुणाला रुग्ण ठरवता येत नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजून ठरवतात. पाहणीला ती सवड नसते, त्यामुळे तिच्या आकड्यात थोडी माणसे जास्त धरली जाणार. तुमचा आकडा तुम्हाला तिथेच सांगतात. जास्त असेल तर दवाखान्यात जा म्हणतात. अहवालात नाव छापले जात नाही.

तीन पाहण्या, तीन आकडे

आता निकाल. पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील माणसांत उच्च रक्तदाब देशात स्त्रियांमध्ये २१.३ टक्के आणि पुरुषांमध्ये २४ टक्के आढळला. महाराष्ट्रात स्त्रिया २३.१, पुरुष २४.४. म्हणजे ढोबळ मानाने चारांत एक. केरळात स्त्रिया ३०.९ आणि पुरुष ३२.८.

पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीने देशाचा आकडा २८.५ टक्के दिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीचा निकाल २०२३ मध्ये आला, त्यात तो ३५.५ टक्के आहे. वर्तमानपत्रात असे आकडे आले की लोक म्हणतात, यांचे एकमेकांत जुळत नाही, सगळे खोटे. खोटे नाही. पहिल्या पाहणीत १५ वर्षांची पोरेपोरीही आहेत, दुसरीत १८ ते ६९, तिसरीत २० वर्षांवरील सगळे. मोजण्याची रीत आणि साल यांतही फरक आहे. कोवळी माणसे जास्त घेतली की टक्केवारी उतरते. म्हणूनच चौथ्या फेरीचा आकडा पाचवीशेजारी ठेवून 'बीपी दुप्पट झाले' अशी आरोळी ठोकणेही चूक. चौथीत स्त्रिया ४९ पर्यंत आणि पुरुष ५४ पर्यंतच मोजले होते, म्हातारी माणसे त्यात नव्हतीच.

वयाचा हा मुद्दा सिंधुदुर्गाला जितका लागू आहे तितका क्वचितच कुठे असेल. या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार ८२५ होती, दहा वर्षांत ती घटली. देशाची वाढत असताना हिची घटली! तरणी माणसे मुंबई, पुणे, गोव्याला, घरी आईबाप. आता एक वाडी कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पावसात तिथे ९० प्रौढ माणसे आहेत आणि ३० जणांना बीपी. प्रमाण झाले ३३ टक्के. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास मुंबईहून ६० तरणी माणसे आली, त्यांतल्या ६ जणांना बीपी. आता १५० मध्ये ३६, म्हणजे २४ टक्के. कुणाचाही रक्तदाब उतरला नाही, कुणी गोळी घेतली नाही, तरी वाडी 'सुधारली'! काल रात्री इथे कोण झोपले होते, हा प्रश्न त्या बाईने का विचारला ते इथे कळते. म्हणून सिंधुदुर्गाची टक्केवारी ठाण्याशी किंवा पुण्याशी ताडून पाहायची तर आधी वय पाहावे लागते. चाळिशीच्या बाईची तुलना चाळिशीच्या बाईशी, साठीच्या पुरुषाची साठीच्या पुरुषाशी.

खारे बांगडे, सुकट, लोणचे, पापड यांचा दोष किती, असे प्रत्येक जण विचारतो. मीठ रक्तदाब वाढवते यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. वर उल्लेखिलेल्या २०१७-१८ च्या पाहणीत आपल्या देशातील माणूस सुमारे ८ ग्रॅम खातो असे दिसले. १९३० साली याच जिल्ह्यातील शिरोड्याला लोकांनी मिठासाठी सत्याग्रह केला. मीठ गरिबाच्या पेजेचे कोरड्यास आहे, त्याला नुसते 'खाऊ नका' म्हणून भागत नाही. सुके मासे दोन पाण्यांतून धुऊन घ्यावेत, पेजेत वरून मीठ घालू नये, एवढे तरी जमण्यासारखे आहे.

शंभरांतले बारा

मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा चारांत एक हा नाही. त्या २०१७-१८ च्या पाहणीने पुढचे प्रश्नही विचारले होते. तुम्हाला बीपी आहे हे ठाऊक होते का? उपचार चालू आहेत का? त्या उपचारांनी ते आटोक्यात आहे का? उत्तर असे आले की, बीपी असलेल्या दर शंभर माणसांत २८ जणांनाच ते ठाऊक होते, १४-१५ जण उपचार घेत होते आणि १२-१३ जणांचे आटोक्यात होते. उरलेल्या ८७ जणांची गाडी त्याच वाटेने निघालेली, फक्त बांबोळीचा दिवस ठरायचा बाकी. आणि त्यांतल्या ७२ जणांना तर गाडीत बसलो आहोत हेच माहीत नाही.

याच हिशेबाचा उपयोग सिंधुदुर्गात प्रत्यक्ष झाला आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. पाच राज्यांतील मोजके जिल्हे पहिल्या टप्प्यात घेतले, त्यांत महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, वर्धा आणि आपला सिंधुदुर्ग होता. रीत साधी आहे. ठरलेली औषधे, ती सरकारी केंद्रात मोफत, एका वेळी महिन्याची, रुग्णाची नोंद आणि पुढच्या भेटीला तो आला की नाही याचा पाठपुरावा.

पण किती माणसांची नोंद व्हायला हवी होती? इथे पाहणीचा आकडा लागतो. समजा एका गावात ८०० प्रौढ आहेत, अर्ध्या बायका, अर्धे पुरुष. राज्याचे प्रमाण लावले तर ९२ बायका आणि ९८ पुरुष, मिळून १९० निघतात. म्हातारी माणसे जास्त असतील तर याहून अधिक. उपकेंद्राच्या यादीत मात्र ७० नावे आहेत. उरलेली १२० माणसे निरोगी नाहीत, त्यांना अजून कुणी पट्टा बांधलेला नाही. आणि ७० नावांत पुरुष वीसच असतील, तर कुठल्या वेळी आणि कुठल्या ठिकाणी मोजायला जायचे तेही कळते, सकाळी होड्या परततात तेव्हा धक्क्यावर.

ग्रामसभेत हा हिशेब मांडता येतो. आपल्या उपकेंद्रात किती नावे आहेत आणि किती असायला हवीत, गोळ्या किती लोकांच्या हिशेबाने येतात, हे विचारायला डॉक्टरकी लागत नाही. नोंदीतली एक खोचही विचारावी. म्हातारी आई चार महिने मुंबईला मुलाकडे राहिली की गावच्या वहीत 'आली नाही' असे पडते. तिकडे ती गोळी घेते की सोडून बसली, हे त्या वहीला कळत नाही. जाताना कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या बरोबर द्याव्यात, आणि मुंबईतल्या मुलाने जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात तिला नेऊन ते कार्ड दाखवावे.

राष्ट्रीय पाहणी काही वर्षांनी एकदा येते, तीही निवडलेल्या गावांत. तिची आणि आशाताईच्या फेरीची गल्लत करू नये. आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा कागद भरते, घर सोडत नाही. तिला टक्केवारी काढायची नसते, माणूस शोधायचा असतो. ती आली की नवऱ्याचे, दिराचे नावही सांगावे, फक्त घरात असलेल्या बायकांचे नको.

वाडीतील महिला मंडळाला स्वतः मोजणी करायची असेल तर तेही होण्यासारखे आहे, चाळीस-पन्नास घरांची वाडी दोन रविवारांत होते. आशाताई किंवा आरोग्यसेविकेला बरोबर घ्यावे आणि यंत्र उपकेंद्राचे वापरावे. वाडीतील १८ वर्षांवरील प्रत्येकाची यादी आधी करावी आणि जे भेटले नाहीत त्यांच्या नावापुढे तसे लिहावे, गाळू नये. वय, आकडा आणि गोळी चालू आहे का, एवढे तीन रकाने पुरेत. यादी एकीकडेच ठेवावी, समाजमंदिराच्या फळ्यावर लावू नये. कुणाच्या मुलीच्या सोयरिकीत ती आडवी यायची. १४० ला ९० च्या वर असलेल्यांना त्याच आठवड्यात पुन्हा मोजायला उपकेंद्रात न्यावे. आणि घरातून निघण्यापूर्वी दोन वेगळ्या मापांचे पट्टे पिशवीत आहेत ना, ते पाहून घ्यावे.